लोणावळ्याच्या वाटेचा हक्क

जूनचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. कधी कोंढव्याहून, कधी भिवंडीहून, कधी मुंब्र्याहून. "आपा, पाऊस कसा आहे तिकडे? भुशी भरलं का? रविवारी येतोय आम्ही, मुलांना घेऊन." पाहुणा म्हणजे अल्लाहची रहमत, असं आमच्या घरात लहानपणापासून शिकवलं. त्यामुळे आजवर मी कोणाला येऊ नका म्हटलेलं नाही. पण गेल्या काही पावसाळ्यांपासून मी फोनवरच एक गोष्ट कबूल करून घेते: धबधब्याच्या प्रवाहात कोणी उतरायचं नाही. काहींना राग येतो. "आपा, तुम्ही फार घाबरता," म्हणतात. मी का घाबरते, ते आज सविस्तर लिहिते.

३० जून २०२४, रविवार. पुण्याच्या हडपसर भागातलं एक कुटुंब भुशी धरणावर आलं होतं. आपल्यापैकी कोणाचंही असावं तसंच ते कुटुंब: घरची मोठी माणसं, लेकी, भाचरं, सगळी मिळून सहलीला निघालेली. धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून धबधबा उतरतो. तिथल्या प्रवाहात ती मंडळी उभी असताना वरून पाण्याचा लोंढा आला. एकमेकांना घट्ट धरून ती खडकावर उभी राहिली. काठावरचे लोक ओरडत होते, पण मध्ये जाणं कोणाला शक्य नव्हतं. काही जण कसेबसे बाहेर आले. एक स्त्री आणि चार मुलं गेली. शिवदुर्ग मित्रच्या स्वयंसेवकांनी आणि इतर बचाव पथकांनी पाण्यात शोध घेतला. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

त्या चित्रफिती देशभर फिरल्या. त्यांच्याखाली लोकांनी काय काय लिहिलं, तेही मी वाचलं. 'अक्कल नको का?' असं लिहिणं सोपं असतं. पण ते पाणी कसं येतं, हे बाहेरगावच्या माणसाला कोणी सांगितलेलंच नसतं. लोणावळ्यात पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमचे डोंगर काळ्या कातळाचे. कातळ पाणी पीत नाही. वर डोंगरावर मोठी सर कोसळली की ते सगळं पाणी काही मिनिटांत खाली येतं. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस थांबलेला असला तरी येतं. आत्ता घोट्याएवढं दिसणारं पाणी बघता बघता कमरेला लागतं, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. त्याच्या खुणा असतात: पाणी एकाएकी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. यातली एक जरी खूण दिसली, तरी सामान, चप्पल, मोबाईल सगळं सोडून जवळच्या काठाने वर चढायचं.

हे सगळं गावातल्या पोराला ठाऊक असतं. मग ते धबधब्यापाशी मोठ्या अक्षरांत का लिहिलेलं नसावं? शनिवार-रविवारी तिथे दोरखंड आणि शिट्टी घेतलेली चार माणसं का उभी नसावीत?

इथेच आमच्या गावाचं खरं दुखणं आहे. लोणावळ्यात आणि मावळात माणसं जिथे जिथे फिरायला जातात, त्या प्रत्येक जागेचा मालक वेगळा. भुशी धरण रेल्वेचं. कोळशाच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं गेलं. आजूबाजूच्या डोंगरात वनखात्याची जमीन. वळवण आणि लोणावळा तलाव टाटांच्या वीजप्रकल्पाचे; १९१५ सालापासून हे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून वीज तयार करतं. कार्ला-भाजे लेणी आणि लोहगड पुरातत्त्व खात्याकडे. पवना धरण पाटबंधारे खात्याकडे. गावातले रस्ते आणि बागा नगरपरिषदेच्या, महामार्ग आणखी कोणाचा. आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने सगळं 'लोणावळा'च. मात्र काही घडलं की प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते.

मावळातलंच दुसरं उदाहरण घ्या. १५ जून २०२५, तोही रविवारच. तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण मरण पावले, पन्नासहून अधिक माणसं जखमी झाली. पूल धोकादायक आहे, हे आधीच माहीत होतं. नव्या पुलासाठी पैसेही मंजूर झाले होते. पण जुन्या पुलावर माणसांना जाऊ न देणारं कोणी त्या दुपारी तिथे नव्हतं.

दुर्घटनेनंतर काय होतं, तेही आम्ही पाहतो. भुशीच्या घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी बंदीचे आदेश काढले: धबधब्याखाली बसू नये, प्रवाहात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये. धरणाजवळच्या टपऱ्या हटवण्यात आल्या. बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण या टपऱ्या म्हणजे कोणाच्या तरी घरची चूल. कणसं, भजी, चहा विकून पावसाळ्याच्या तीन महिन्यांत जे हाती येतं, त्यावर मुलांच्या शाळेचा खर्च निघतो. पाणी कुठे खोल आहे, दगड कुठे निसरडा आहे, हे या विक्रेत्यांइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्यांना हटवून मोकळं होण्याऐवजी त्यांना ठरलेली जागा, परवाना आणि बचावाचं शिक्षण दिलं असतं, तर तेच पहिले रखवालदार झाले असते.

आणि इथे राहणाऱ्यांचं काय? गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझ्या सासूबाईंना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी पाऊण तास लागला. आमच्या रिक्षापुढे मोटारींची रांग होती, खिडक्यांतून मुलं हात हलवत होती. मी त्यांच्यावर रागावू तरी कशी? रस्ता त्यांचाही होता. सासूबाई बऱ्या झाल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण तेव्हापासून शनिवार-रविवार आला की आजारी माणसाच्या घरात काळजी असते. बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, म्हणून आलेल्या बहिणी दिवसभर पाणी पीत नाहीत. संध्याकाळी गाड्या निघून जातात आणि मागे थर्माकोलच्या पत्रावळ्या, बाटल्या, लहान मुलांचे डायपर राहतात. इंद्रायणीचा उगम आमच्या कुरवंड्याचा. तीच पुढे देहू-आळंदीला जाते, आणि तिथे लाखो भाविक श्रद्धेने तिच्या काठी येतात. आपण टाकलेला कचरा कोणाच्या दारात जातो, याचा विचार नको का करायला?

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक ठिकाणी एक फलक लावा: ही जागा कोणाच्या ताब्यात आहे, आज जबाबदार कोण आहे आणि त्याचा फोन नंबर काय. जून सुरू होण्याआधी सगळ्या खात्यांना वडगावला तहसीलदारांसमोर एकदा बसवा. धबधब्यांवर पगारी जीवरक्षक आणि भोंगा ठेवा. पुणे-लोणावळा लोकलने येणाऱ्यांसाठी स्टेशनपासून भुशीपर्यंत बस सोडा, म्हणजे प्रत्येकाला मोटार आणावी लागणार नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बहिणींनी अशा अर्जावर सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. शेजारच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायकांनीही सह्या दिल्या. धोका सगळ्यांना सारखाच आहे.

थोडं आपल्याकडेही आहे. रस्त्यात बसू नका, असं प्रेषितांनी (स.) साथीदारांना सांगितलं. बसल्यावाचून आमचं चालत नाही, असं ते म्हणाले, तेव्हा आपण फर्मावलं की मग रस्त्याला त्याचा हक्क द्या. कोणाला त्रास देऊ नका, नजर राखा, सलामला उत्तर द्या, भल्याचं सांगा. बाजारापासून धबधब्यापर्यंत, जी जागा सगळ्यांची तिला हे लागू आहे.

तेव्हा या, जरूर या. शक्य असेल तर लोकलने या, रविवार सोडून या. कचऱ्याची पिशवी सोबत आणा आणि भरून परत न्या. मुलांचा हात सोडू नका. भिजायची हौस असेल तर आमच्या अंगणातही तोच पाऊस पडतो. चहा टाकलेला असेल.