घराशेजारचे अरण्य : कसे पाहावे, कसे जपावे

सुट्टी आली की आपल्यापुढे ठरलेले दोन-तीन बेत असतात. गावी जावे, एखाद्या लग्नकार्याला हजेरी लावावी, नाहीतर घरीच टी.व्ही. आणि मोबाईल पाहत दिवस काढावा. सहल म्हटली की ती लांबची आणि खर्चाची असायला हवी, असा आपला समज झालेला आहे. वास्तविक मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या माणसाला लोकलच्या तिकिटात गाठता येईल असे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अरण्य आपल्या शेजारी आहे. त्याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी मंडळी त्याला अजूनही बोरिवलीचे नॅशनल पार्क म्हणतात. जगातल्या फार थोड्या महानगरांच्या पोटात एवढे मोठे रान शिल्लक राहिले आहे.

असे असूनही आपल्यापैकी अनेकांची या रानाशी ओळख आहे ती फक्त फाटकाजवळच्या बागेपुरती. निसर्ग पाहणे हा आपला विषय नव्हे, गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्या सुखवस्तू लोकांचा तो छंद आहे, असे आपल्या मनाने घेतले आहे. आम्हांला हे मान्य नाही. ज्याच्या घराला बंगला आणि बाग आहे त्याला रानाची गरज थोडी कमी असेल. दहा बाय बाराच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला मात्र ती सर्वांत जास्त आहे. रान ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सार्वजनिक गोष्टीवर आपला हक्क आहे, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. तेव्हा हा हक्क कसा बजावावा आणि त्याबरोबर येणारे कर्तव्य कोणते, याविषयी दोन शब्द येथे सांगत आहोत.

पाणी, नदी आणि आपण

प्रथम या रानाचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध आहे ते पाहू. विहार आणि तुळशी ही दोन तळी या डोंगरांच्या कुशीत आहेत. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. तुळशी तलाव १८७९ सालचा. आज शहराची तहान मुख्यतः दूरच्या धरणांवर भागत असली तरी ही दोन्ही तळी अजून पाणी देतात. भोवतीचे रान पावसाचे पाणी धरून ठेवते, माती वाहू देत नाही, म्हणूनच ती टिकली आहेत.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून मिठी नदी सुरू होते. साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, हे कोण विसरेल? घरातली भांडीकुंडी, मुलांची दप्तरे, आयुष्यभर जपलेली कागदपत्रे वाहून गेली ती बहुतांशी गरिबांचीच. नदीचे पात्र आवळले, काठची खारफुटी तोडली, कचऱ्याने प्रवाह तुंबवला की त्याचा हिशेब शेवटी कोणाकडून वसूल होतो, ते त्या दिवशी कळले. म्हणून रान आणि नदी हा केवळ हौसेचा विषय नाही.

कान्हेरी : दगडात कोरलेले जलव्यवस्थापन

याच उद्यानात, मुख्य फाटकापासून ६ ते ७ किलोमीटर आत, कान्हेरीची लेणी आहेत. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर, त्यावरून हे नाव आले. येथे १०० हून अधिक लेणी असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खूंचा वास होता. आपण तेथे जातो, तिसऱ्या लेण्यातील चैत्य आणि ओसरीतील बुद्धांच्या भव्य मूर्तींपुढे नतमस्तक होतो, आणि परततो. पुढच्या वेळी थोडे थांबून पायाखालचा दगडही पाहावा.

बहुतेक विहारांच्या बाजूला जमिनीत खोदलेले पाण्याचे टाके दिसेल. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरउतारावर पडणारे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून या पोढ्यांत आणून सोडलेले आहे. एवढा मोठा संघ उन्हाळ्यात पाण्यावाचून राहिला नाही तो या व्यवस्थेमुळे. या पोढ्या आणि विहार कोणी दिले? कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी. सोनारासारख्या कष्टकऱ्यांनी दिलेल्या दानाच्या नोंदी आजही दगडावर आहेत. सामान्य माणसाने सार्वजनिक पाण्यासाठी दान द्यावे, ही परंपरा दोन हजार वर्षांची आहे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. वर्षावास का सुरू झाला याची हकीकत विनयपिटकात आहे. पावसाळ्यातही भिक्खू हिंडतात, त्यांच्या पायाखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. तेव्हा पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा नियम भगवंतांनी घालून दिला. रानात पाऊल कसे टाकावे याचा याहून चांगला पाठ दुसरा कोणता? ज्या भिंतीसमोर हात जोडायचे तिच्यावर खिळ्याने आपले नाव कोरणारे, पोढीत प्लॅस्टिकची बाटली टाकणारे लोक हा पाठ विसरलेले असतात.

निसर्गफेरी म्हणजे काय?

उद्यानात सहलीचे अनेक प्रकार आहेत. लहान मुलांना होडी, सफारीची गाडी यांचे आकर्षण असते. ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी तर कित्येक पिढ्यांच्या आठवणीतली. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात तिच्या मार्गाचे नुकसान होऊन ती बंद पडली, तेव्हा मोठ्या माणसांनाही हळहळ वाटली. ही करमणूक जरूर करावी. पण रानाची खरी ओळख होते ती निसर्गफेरीत.

निसर्गफेरी म्हणजे जाणकार मार्गदर्शकाबरोबर आखलेल्या पायवाटेने सावकाश केलेली भटकंती. उद्यानाचे निसर्ग माहिती केंद्र अशा फेऱ्या घेते. शिलोंड्याची वाट त्यांपैकी प्रसिद्ध. अशा वाटांवर परवानगीशिवाय आणि मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही, म्हणून आधी चौकशी करून नाव नोंदवावे. उद्यान सोमवारी बंद असते हेही लक्षात ठेवावे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था गोरेगावला आपले निसर्ग शिक्षण केंद्र चालवते, तेथेही शाळा व गटांसाठी कार्यक्रम होतात.

फेरीत पंधरा-वीस माणसे असली की पुरे. पहिला नियम शांततेचा. बडबड थांबली की दहा मिनिटांत रान बोलू लागते. साग, ऐन, खैर, कुडा, करंज अशी झाडे मार्गदर्शक सालीवरून ओळखायला शिकवतो. ओल्या मातीत सांबराच्या खुराचा ठसा दिसतो. कोतवाल, हळद्या, धनेश, स्वर्गीय नर्तक हे पक्षी प्रथम आवाजाने कळतात, मग डोळ्यांना दिसतात. निळ्या पट्ट्याचे मोठे काळे फुलपाखरू भिरभिरत गेले तर ते आपले राज्य फुलपाखरू निलवंत असण्याचा संभव आहे. फुलपाखराला असा मान देणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, २०१५ साली. मुलांबरोबर अशा फेऱ्या करताना आम्हांला एक गोष्ट दिसली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुले येथे पुढे असतात. त्यांची नजर तीक्ष्ण असते, फक्त ती वापरण्याची जागा त्यांना मिळालेली नसते.

जाताना पिण्याचे पाणी, टोपी, बूट, मातकट किंवा हिरवे कपडे आणि एक वही-पेन्सिल एवढे पुरे. वहीत तारीख, वेळ, जागा, हवामान आणि काय पाहिले ते लिहावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे आणि मग विचारावे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांची सुरुवात एका प्रश्नानेच झाली. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या त्याच संस्थेत गेले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. मराठीत मारुती चितमपल्ली यांची पुस्तके आहेत. ती संस्थेच्या वाचनालयातून जरूर न्यावीत.

बिबट्याची भीती

आईवडिलांचा पहिला प्रश्न बिबट्याचा असतो आणि तो रास्त आहे. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. २०२१ आणि २०२२ साली आरे वसाहतीतही हल्ले झाले. परंतु त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. वस्तीच्या कडेला कचरा साठला की कुत्री आणि डुकरे वाढतात, आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो. म्हणून कचरा वेळच्या वेळी उचलणे, वाटेवर दिवे असणे आणि संडास घराजवळ असणे हे बिबट्यापासून बचावाचे खरे उपाय आहेत. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये. उघड्यावर बसावे लागणाऱ्या बाया-मुलांना धोका अधिक असतो. दिवाबत्ती आणि स्वच्छतागृहांसाठी महापालिकेकडे पाठपुरावा करणे हेही वन्यजीव रक्षणाचेच काम आहे, असे आम्ही मानतो. दिवसा, गटाने, मार्गदर्शकाबरोबर जाणाऱ्याने विनाकारण भिऊ नये. तलावात किंवा ओढ्यात मात्र उतरू नये.

उद्यानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी पाडे आहेत. वारली बांधवांना या रानाची जी माहिती आहे ती पुस्तकांत नाही. त्यांच्या पाड्यावरून जाताना ते तमाशा पाहण्याचे ठिकाण नाही याचे भान ठेवावे, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

कचऱ्यातून उगवलेले रान

ज्यांना बोरिवली दूर पडते त्यांच्यासाठी शीव-धारावीच्या मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. डोंगरात सुरू झालेली मिठी जेथे खाडीजवळ येते, तेथेच काठावर ही ३७ एकरांची जागा आहे. एके काळी येथे शहराचा कचरा टाकला जाई. त्याच कचऱ्यावर माती पसरून झाडे लावली गेली आणि १९९४ साली उद्यान खुले झाले. आज तेथे दाट सावली आहे, फुलपाखरे आहेत, पावसाचे पाणी साठवणारे तळे आहे. विद्यार्थ्यांसाठी निसर्गओळखीचे कार्यक्रमही होतात. माणसाने टाकून दिलेली जमीन माणसाच्याच श्रमाने पुन्हा जिवंत होते, हे धारावीतल्या मुलाला स्वतःच्या घराशेजारी पाहायला मिळते.

याशिवाय पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य हीदेखील एका दिवसात पाहून होण्यासारखी ठिकाणे आहेत. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले.

आपण काय करू शकतो?

बुद्धपौर्णिमेच्या चांदण्या रात्री राज्यातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा आहे. आता मोजणीचे काम मुख्यतः स्वयंचलित कॅमेरे करतात, तरी वनविभागाच्या ‘निसर्गानुभव’ कार्यक्रमात सामान्य माणसालाही पैसे भरून भाग घेता येतो. आपल्या संस्थेतील एखाद-दुसऱ्या होतकरू विद्यार्थ्याचा हा खर्च संस्थेने दरवर्षी उचलावा, अशी आमची सूचना आहे. वनरक्षकापासून भारतीय वनसेवेपर्यंत स्पर्धा परीक्षेने मिळणाऱ्या नोकऱ्या या क्षेत्रात आहेत. त्यांकडे आपल्या मुलांचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही.

दुसरी सूचना, वर्षातून चार निसर्गफेऱ्या काढाव्यात, प्रत्येक ऋतूत निदान एक. लाऊडस्पीकर नको, थर्माकोलच्या ताटल्या नकोत. डबा घरचा असावा आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत यावा. तिसरी सूचना, संस्थेने वर्गणीतून एक साधी दुर्बीण घ्यावी आणि एक नोंदवही ठेवावी. पुस्तकाप्रमाणेच दुर्बीणही सभासदांना घरी नेता यावी.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर रान ही मुदत ठेव आहे. व्याजावर संसार चालवावा, मुद्दलाला हात लावू नये. स्वच्छ हवा, पाणी, पुरापासून थोडे संरक्षण आणि रविवारची एक सकाळ हे त्या ठेवीचे व्याज. मुद्दल एकदा मोडले की ते पुन्हा उभे करायला एक पिढी पुरत नाही.

या डोंगरांवर कारवी नावाचे झुडूप आहे. त्याच्या काठ्या आदिवासी घरांच्या कुडाला वापरतात. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, सारे उतार जांभळे करते आणि बी टाकून मरून जाते. २०१६ साली ती येथे फुलली, २०२४ साली फुलली, आता २०३२ साली फुलेल. आज चौथी-पाचवीत असलेली आपली मुले तेव्हा कॉलेजात असतील. तोपर्यंत ते उतार शाबूत राहावेत आणि फूल दिसताच त्याचे नाव सांगता यावे इतकी ओळख आपल्या मुलांना झालेली असावी. त्यासाठी येत्या रविवारीच सुरुवात करावी, हीच सर्व सभासद बंधु-भगिनींना आणि विद्यार्थी मित्रांना आमची विनंती.