एकवीस, तरीही मूळ संख्या!

माण तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या मेंढपाळाला विचारा, "आबा, मेंढरं किती?" जुन्या रीतीने मोजणारा असेल तर तो म्हणेल, "दोन विसा नि एक." म्हणजे ४१. आपण दहादहाचे गट करतो, तो वीसवीसचे.

आता ही मोजणी त्याच्याच रीतीने अंकांत लिहू. दोन विसा, वर एक : '२१'. तुम्ही चटकन म्हणाल, "सात त्रिक एकवीस, ही मूळ संख्या नव्हे." थांबा! मेंढरे एकेचाळीसच आहेत. त्यांच्या दोन, तीन, चार, पाच, सहा अशा सारख्या रांगा करून पाहा. दर वेळी काही मेंढरे उरतातच. पुढे जायला नको, कारण सात साते एकोणपन्नास. म्हणजे ४१ मूळच. संख्या कशीही लिहा, तिचे मूळपण बदलत नाही. बदलतात ते अंक.

मग शेवटच्या अंकाचे नियम कोण ठरवतो? पाया! दहाचे अवयव २ व ५. म्हणून दशमान पद्धतीत ५ पेक्षा मोठी मूळ संख्या १, ३, ७ किंवा ९ नेच संपते. पाया ६ घेतला, तर ३ पेक्षा मोठ्या मूळ संख्येच्या शेवटी १ किंवा ५ च येतो. ५, ७, ११, १३ या संख्या तिथे ५, ११, १५, २१ अशा दिसतात. पुन्हा '२१' आलीच, पण या खेपेस ती तेरा आहे! (उलट मात्र खरे नाही. पंचवीस तिथे '४१' होते.)

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या 'डेम्लो' संख्यांत १११ चा वर्ग १२३२१ येतो. हा १११ आपल्याकडे ३ × ३७, पण पाया ५ असता ३१ आणि ६ असता ४३; दोन्ही मूळ. द्विमान पद्धतीत ११, १११, १११११ म्हणजे ३, ७, ३१, याही मूळच. मात्र अकरा एकके लिहिलीत की २०४७, म्हणजे २३ × ८९! २०२४ साली सापडलेल्या एका प्रचंड मूळ संख्येत द्विमान पद्धतीने १३,६२,७९,८४१ अंक आहेत, सगळे १. दशमान पद्धतीत तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात आणि ही शिस्त पार हरवते.

आता पाया ७, ८ व ९ घेऊन १११ कुठे मूळ ठरते ते काढा. नऊपाशी जरा जपून!