जुनी गाडी आणि पेट्रोलचा वास

अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी पुष्कळांची पहिली गाडी जुनीच असते. पुढे नवी येते, पण जुनी घरातून जात नाही. आधी ती स्टेशनपर्यंत जायला उपयोगी पडते, मग कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला येते. अशा गाडीला पेट्रोलचा, म्हणजे इथल्या भाषेत ‘गॅस’चा, वास येऊ लागला की “जुनी झाली, चालायचंच” असे आपण म्हणतो. इंजिन ऑइलचे दोन थेंब पडले तर एक वेळ चालते. पेट्रोलचे तसे नाही.

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. आपली गराजे घराला जोडलेली आणि पुष्कळदा वॉटर हीटरही तिथेच. त्याची ज्योत जमिनीपासून १८ इंच उंच हवी असा नियम अनेक ठिकाणी आहे, तो या वाफेमुळेच. तेव्हा गराजमध्ये वास आला तर दिव्याचे किंवा दाराचे बटण न दाबता दार हाताने उघडा, आणि जागा सपाट असेल तर गाडी सुरू न करता ढकलत बाहेर आणा. जमिनीवर थारोळे दिसले तर मात्र गाडीला हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडून ९११ ला फोन करावा.

गळती कुठे आहे, हे वास केव्हा येतो यावरून बरेचसे कळते. टाकी पूर्ण भरल्यावरच येत असेल तर भरण्याच्या तोंडाकडची नळी किंवा टाकीच्या माथ्यावरचे पंपाचे सील पाहावे. कडक थंडीत गाडी सुरू करताच येऊन थोड्या वेळाने जात असेल, तर इंजेक्टरच्या रबरी रिंगा आकसलेल्या असू शकतात. गाडीच्या मधोमध पोटाखाली थेंब दिसले तर संशय लोखंडी नळीवर घ्यावा. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेले मीठ या नळ्या खाऊन टाकते. पेट्रोलचा डाग लवकर उडतो, म्हणून गाडी थांबल्यावर लगेच खाली पुठ्ठा सरकवून पाहावे. एअर कंडिशनरचे पाणीही टपकते, पण त्याला वास नसतो. १९९६ नंतरच्या गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लागून पी०४५५ हा कोड आला, तर वाफ निसटते आहे असे समजावे. तेव्हा आधी टाकीचे झाकण घट्ट आहे का, ते बघावे.

घरी करण्याजोगे काम म्हणजे रबरी नळी बदलणे. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, नळीला भेगा पडतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब चौरस इंचाला पाच-सहा पौंड असतो, फ्युएल इंजेक्शनमध्ये तो साधारण ४० ते ६० पौंड. म्हणून इंजेक्शनच्या गाडीला ‘३० आर ९’ असे छापलेली नळीच घ्यावी आणि क्लॅम्प गोल कडांचा घ्यावा. खाचांचा साधा क्लॅम्प रबर कापतो. काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बॅटरीची ऋण तार काढून करावे. टाकीचे झाकण सैल करून, गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे नळीतला दाब उतरवावा आणि मगच सांधा सोडवावा. उजेडाला बल्बचा दिवा नको, बॅटरीचा एलईडी टॉर्च घ्यावा. अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. सांडलेले पेट्रोल गटारात ओतू नये. ते काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यावे.

काम झाल्यावर बॅटरी जोडून, इंजिन सुरू न करता किल्ली दोन-तीनदा ‘ऑन’पर्यंत फिरवावी. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पंप दरवेळी क्षणभर चालून दाब भरतो. सांधे कोरडे राहिले तरच इंजिन सुरू करावे.

गंजलेली लोखंडी नळी आणि फुटलेली टाकी ही कामे मात्र मेकॅनिकचीच. गंजलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी बसवून देतो असे कोणी म्हणाले, तर नको म्हणावे. शेजारचा गंज तसाच राहतो. आणि रिकाम्या टाकीला कोणी डाग देऊ लागले तर तिथून लांब व्हावे. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोक्याची असते. मुलगा गाडी घेऊन दूरच्या कॉलेजात जाणार असेल, तर तेल आणि टायर पाहतानाच या नळ्याही एकदा पाहून घ्याव्यात.