मुलाच्या हाती गाडी देताना

व्यापाऱ्याच्या घरी गाडी ही चैनीची वस्तू नसून दुकानाचेच एक अंग असते. त्यामुळे मुलगा दहावी झाला की बँकेत भरणा करण्यास किंवा मार्केट यार्डात नमुने पोहोचविण्यास त्याला स्कूटर देऊन धाडण्याची चाल बेळगावातील आमच्या कित्येक घरांतून पडली आहे. ती घातक आहे व सभासद बंधूंनी ती मोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सोळाव्या वर्षी केवळ ५० सी.सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची मुभा आहे. आजच्या बहुतेक स्कूटरी त्याहून मोठ्या. मोटारीस १८ वर्षे पुरी हवीत. २०१९ च्या दुरुस्तीअन्वये अल्पवयीनाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक अथवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. खतावणीतील चार आण्यांचा फरक शोधण्यास रात्र जागविणारे आम्ही व्यापारी ही जोखीम मात्र डोळे मिटून पत्करतो, हे नवलच!

अठरा पुरी होताच, मुलगा असो वा मुलगी, शिकाऊ परवाना काढून द्यावा. त्याची मुदत ६ महिने असून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तथापि, परीक्षा उतरणे निराळे व गाडी येणे निराळे. परवानाधारक वडील माणसाने शेजारी बसावे. प्रथम पहाटेचे मोकळे रस्ते, मग बाजार. रात्र, पाऊस व चोर्ल्याचा घाट अगदी शेवटी. घाटात उतरताना खालचा गिअर ठेवावा व अरुंद जागी चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी.

एक धडा मात्र आमच्या धंद्यातच फुकट मिळतो. माल उतरविण्यास उभ्या असलेल्या ट्रकमध्ये, इंजिन बंद असता, मुलास चालकाच्या जागी बसवावे आणि एका माणसास पुढच्या डाव्या कोपऱ्याशी अगदी खेटून उभे करावे. तो माणूस मुलास बहुधा दिसत नाही. ट्रकच्या डाव्या बाजूने स्कूटर घुसविणे म्हणजे काय, हे मग निराळे सांगावे लागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तेवढे अंतर यार्डातच पावलांनी मोजून दाखवावे.

आणि मुलगा गाडीवर असेल त्या वेळी पेढीवरून त्यास फोन करू नये. वडिलांचा फोन तो उचलतोच.