शेख, शेतकरी आणि दफ्तरखाना

अरब जगाच्या राजकीय अर्थशास्त्राची गोडी ज्यांच्यामुळे मला लागली, ते हन्ना बतातू १९२६ साली जेरुसलेम येथे जन्मले आणि १९४८ साली अमेरिकेस गेले. इराकमधील शेख व शेतकरी यांच्या संबंधांवरील प्रबंधास हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट १९६० साली मिळाली, तरी तेवढ्याने विषय न मिटवता, बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात अध्यापन करीत, पोलिसी दफ्तरांतील गुप्त कागद आणि कम्युनिस्ट बंदिवानांच्या मुलाखती यांच्या आधारे त्यांनी जो बाराशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध केला, तो १९७८ साली प्रकाशित झाला. केवढी ही चिकाटी! टोळीच्या सामाईक जमिनी शेखांच्या खासगी मालकीच्या कशा झाल्या आणि त्यांचेच भाईबंद कर्जबाजारी कुळे कसे बनले, याची त्यातील हकीकत अवश्य वाचावी.