दोन सेटचा शनिवार

सकाळी १०.३०
काल रात्रीचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत बसलोय. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका तळघरातल्या क्लबात एका जॅझ गायिकेचा, म्हणजे आमच्या बाईंचा, मंगळवार ते रविवार मुक्काम आहे. साथीला पियानो, डबल बास आणि ड्रम्स. त्यातल्या शुक्रवार-शनिवारच्या रात्रींतून लाइव्ह अल्बम काढायचा ठरलाय, आणि मी साउंड इंजिनिअर. वहीत रकाने पाडलेत: गाणं, मिनिटं, ठेवायचं की नाही.

कालच्या एका संथ गाण्यात शेवटचा सूर किंचित उतरलाय. स्टुडिओत गायिका काचेच्या खोलीत एकटी असते, तिथे तो सॉफ्टवेअरने चढवता येतो. इथे तोच सूर पियानोच्या माईकमध्ये शिरलाय आणि ड्रम्सवरच्या माईकमध्येही. गळ्याचा ट्रॅक सुधारला तरी मागून जुना सूर ऐकू येणार, आणि एकीच्या जागी दोघी गातायत असं वाटणार. तेव्हा गाणं घ्यायचं तर अख्खं घ्यायचं.

दुपारी १२
बाईंचा फोन. आजची गाण्यांची यादी. बहुतेक जुनी स्टँडर्ड्स आहेत, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे द्यायचे. अमेरिकेत प्रत्येक प्रतीमागे ठरलेला दर असतो आणि गाणं पाच मिनिटांवर गेलं की तो मिनिटांच्या हिशेबाने वाढतो. लाइव्ह गाणी सोलोंमुळे लांबतातच. जॅझ गायिका बेटी कार्टरने १९७९च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत ट्रायोबरोबर ‘द ऑडियन्स विथ बेटी कार्टर’ रेकॉर्ड केला, त्यात एकच गाणं २५ मिनिटांचं आहे. पण रचना तिची स्वतःची होती आणि रेकॉर्ड कंपनीही. बाईंना हे माहीत आहे. तरी त्यांनी एकही सोलो कापायला सांगितला नाही.

दुपारी २
पियानो ट्यूनर आला. मधला ‘ए’ ४४० हर्ट्झवर. त्याने आल्या आल्या एसी लावायला लावला, कारण रात्री तो चालू असणार आणि माणसांनी खोली भरणार. रिकाम्या गार तळघरात लावलेले सूर तेव्हा टिकत नाहीत. दोन सेटच्या मधे तो पुन्हा एकदा हात फिरवून जाईल.

दुपारी ३.३०
माईक. गळ्याला एक, पियानोला दोन, बासला एक आणि पिकअपची वायर, ड्रम्सना चार, प्रेक्षकांसाठी मागच्या भिंतीपाशी दोन. गळ्याच्या माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ ड्रम्सकडे येईल अशी बाईंची जागा खडूने आखली. त्या गाताना हलतात, त्यामुळे खडूचा उपयोग पहिल्या गाण्यापुरता.

खालून सबवे जाते तेव्हा बासच्या माईकमध्ये घरघर येते. खालचे सूर छाटणारा फिल्टर लावावा तर डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, तीच जायची. गाडी राहू दिली.

संध्याकाळी ५
साउंड चेक. बाई पूर्ण आवाजात दोनच ओळी गातात. बाकी वेळ ड्रमरशी बोलणं चालतं: ब्रश कुठे, काठ्या कुठे. लय त्या चुटकीने देतात, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. मी तेवढ्यात प्रेक्षकांचे माईक जुळवतो. ते स्टेजपासून दहाएक मीटरवर आहेत, तिथे आवाज पोचायला जवळपास तीन शतांश सेकंद लागतात. तेवढं अंतर भरून काढलं नाही तर प्रत्येक ठोक्याला शेपूट फुटतं.

संध्याकाळी ६.३०
सँडविच. ग्राहक जिन्यावर रांगेत.

रात्री ८
पहिला सेट. मी गोदामात, दोन रेकॉर्डरसमोर. एक बंद पडला तर दुसरा असतो. आठ गाणी झाली. आवाज मोकळा आहे, पण वेगाच्या गाण्यांत ड्रमर घाईत. दोन सेटमधले तुकडे जोडावेत म्हटलं तर कानात मेट्रोनोम कुणाच्याच नाही. एकच गाणं दोन वेळा दोन लयींत जातं. जोड द्यायचा तर टाळ्यांमध्येच.

रात्री १०
दुसरा सेट. कालचंच संथ गाणं पुन्हा. ३२ बारचं आवर्तन: आठ-आठचे चार तुकडे, तिसऱ्याची चाल वेगळी. बासचा सोलो दोन तुकड्यांचा, मग बाईंनी तिसऱ्यावर यायचं. त्या आल्या त्या थेट चौथ्याचे शब्द घेऊन. पियानोचा डावा हात तिसऱ्याच्या कॉर्डवर पडलेला. अर्धा बार खडखडलं, पियानो उडी मारून पुढे गेला, मागोमाग बास. ब्रश जराही थांबले नाहीत. टेबलांवर कुणाला कळलंही नसेल.

रात्री ११.४५
स्वयंपाकघरात दोन्ही रात्रींचं ते गाणं लागोपाठ ऐकलं. पियानिस्टला आजचं हवं. त्याने दाखला दिला सारा वॉनचा: १९५७, शिकागोतला मिस्टर केलीज क्लब, साथीला जिमी जोन्स, रिचर्ड डेव्हिस, रॉय हेन्स. ‘विलो वीप फॉर मी’ गाताना ती घसरली आणि ते तसंच रेकॉर्डवर आलं. मी एला फिट्झजेराल्डचं नाव काढलं. १९६०च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये ‘मॅक द नाइफ’चे शब्द ती विसरली, त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं.

बाई बशीतले शेंगदाणे खात ऐकत होत्या. म्हणाल्या, “साराने आपल्या चुकीचंच गाणं केलं. एलाने जागच्या जागी नवे शब्द रचले. मी काय केलं? या तिघांनी मला वाचवलं आणि मी वाचले, एवढंच.”

“पण तीच तर गंमत आहे,” पियानिस्ट.

“तुमची. कव्हरवर नाव माझं आहे. कालचं घ्या.”

कालच्यात सूर उतरलाय, हे मी सांगितलं. त्यांना गातानाच कळलं होतं. श्वास पुरवून तो सूर आणखी धरायचा की सोडायचा, यात त्यांनी धरला. “ते मी केलंय, ते राहू दे.”

बासवाला काही बोलला नाही. त्याचा आजचा सोलो कालच्यापेक्षा कितीतरी सरस होता, आणि आता तो अल्बममध्ये नसणार. बाईंनी त्याला विचारलं, रविवारी हेच गाणं पहिल्या सेटमध्ये घेऊ का? मग माझ्याकडे वळून, “उद्या माईक राहतील ना?” रविवारचे पैसे बजेटमध्ये नाहीत. कंपनीला सकाळी फोन करतो म्हणालो.

रात्री १.१५
सगळ्याच्या दोन प्रती. एक डिस्क माझ्या पिशवीत, दुसरी पियानिस्टच्या. दोघांच्या गाड्या वेगळ्या दिशेच्या आहेत. वहीत त्या गाण्यापुढे शुक्रवारला ‘हो’, शनिवारला ‘नाही’, आणि रविवारचा एक नवा रकाना.