परसातील शिंजीर आणि छायाचित्रण

चैत्र लागताच जळगाव-धुळ्याकडील परसात जांभळ्या शिंजिराची लगबग दिसू लागते. कोळ्याच्या जाळ्याने फांदीस बांधलेले त्याचे लोंबते घरटे अडकलेल्या केरकचऱ्यासारखे दिसते. तसे समजून ते ओढून टाकू नये. नराचा तोरा मोठा, परंतु सुमारे १५ दिवस अंडी उबविते ती मादी एकटीच. पिलांना किडे भरविण्यास मात्र नरही येतो. छायाचित्रासाठी घरट्याभोवतालची पाने कदापि छाटू नयेत. आडोसा गेला की कावळ्यास घरटे सापडते, आणि बुजलेली मादी दूर राहिल्यास ४० अंशांवरील उन्हात अंडी निकामी होतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात, खिडकीआडून, दुरूनच चित्र घ्यावे. नराचे चित्र तर शेवग्याच्या फुलांवरच उत्तम मिळते. मधासाठी तो तेथे वारंवार येतो.